न सांगितलेलं वाक्य

“‘त्या दुपारी एर्मेलिंदाबाईंच्या स्मरणशक्तीनं दगा दिला.’ असंच छापू ना, मावशी?” रामिरोनं विचारलं. आमच्या नगरपालिकेच्या नाटक कंपनीचा इतिहास तो लिहीत होता. मी तिथं बत्तीस वर्षं प्रॉम्प्टर होते. रंगमंचाच्या पुढच्या खळग्यात बसून नटांना वाक्यं पुरवणारी.

“थांब रे. आधी तिला भेटून येते.”

दर आठवड्याला नवं नाटक असे. पूर्ण पाठ कुणाचंच नसायचं. सगळी भिस्त माझ्या कुजबुजीवर. त्या नाटकात एर्मेलिंदा मूल गेलेली आई होती, आणि ती म्हणते, “देवाला आईच नसावी.” माझे ईस्टरआधीचे चाळीस दिवसांचे उपास चालू होते. देवाची आई मारियामाता, तिला उणं आणणारा शब्द ओठांवर येऊ द्यायचा नाही, असा नेम. तालमीत एर्मेलिंदाला ते वाक्य येत असे, म्हणून माझ्यावर वेळ आली नव्हती. रविवारी दुपारच्या प्रयोगात ती नेमकी तिथंच अडली. तिनं खाली माझ्याकडे पाहिलं. माझं बोट त्याच ओळीवर होतं. मी मनात प्रार्थना सुरू केली. प्रेक्षक हसू लागले, पडदा पाडावा लागला.

“सुलेमा, तू सांगितलंस आणि माझ्या डोक्यात शिरलंच नाही, असं झालं का गं?” तिनं नंतर विचारलं.

मी नुसती होकारार्थी मान हलवली. खोटं न बोलण्याचाही माझा नेम होता. तोंड उघडलं नाही म्हणून तो मोडला नाही, अशी मनाची समजूत घातली. दोन महिन्यांत कंपनीनं तिला घरी बसवलं.

एर्मेलिंदानं दार उघडलं. “अगंबाई, खळग्यातली उंदरीण! वर कशी आलीस?”

बसायच्या आतच मी सगळं सांगून टाकलं.

“म्हणजे तू सांगितलंच नव्हतंस,” ती सावकाश म्हणाली.

“नाही.”

“आणि मी डॉक्टरांचे उंबरे झिजवले. त्या घड्याळवाल्याला लग्नाला नाही म्हटलं. म्हटलं, उद्या ह्याचं नावच विसरले तर?”

“मला शिव्या दे गं.”

“देईन की. पाठ आहेत सगळ्या.” ती उठली. “आधी पाणी ठेवते. येर्बाचा चहा घेऊ.”

स्वयंपाकघरात जागोजागी तिच्या अक्षरातल्या चिठ्ठ्या होत्या. गॅस बंद कर. किल्ली घे. मंगळवारी बहीण येते. फळीवरच्या डब्यांतल्या नेमक्या डब्यावर तिचा हात आपसूक गेला. पण झाकण काढण्याआधी ती थांबली, डबा उजेडाकडे फिरवला, आणि ‘येर्बा’ हा शब्द पुटपुटत वाचून मगच तिनं तो उघडला.