दाराला रंधा, दुखणं माझं

सोमवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी दार अडकलं. आत सतरा मुलं. बाहेरून आयांनी जोर लावून ढकललं तेव्हा कुठे उघडलं. तेव्हापासून माझ्या जिवाला घोर लागलाय.

मी तारापूरच्या जुन्या धर्मशाळेची चौकट बोलतेय. हल्ली इथे अंगणवाडी भरते. मनोरच्या रानातल्या सागाची मी, शंभरावर पावसाळे काढले. माझ्या डोक्यावर जाड दगडी भिंत आहे, ती मीच तोलून धरते. माणसांना वाटतं, चौकट फक्त दारासाठी असते.

पूर्वी माझे पाय दगडावर होते. भिजले तरी वाऱ्याने सुकायचे. मग कधीतरी नवी फरशी आली आणि माझे पाय सिमेंटात पुरले. रोज फरशी धुतात, पाणी आत झिरपतं, त्याला बाहेर यायला वाट नाही. वरून निळा ऑइलपेंट. दिसायला मी नवरीसारखी, आतून भुसा. सांगणार तरी कुणाला?

दार अडकलं की अण्णा सुतार यायचे, दाराला रंधा मारायचे नि जायचे. तीन वर्षांत चार वेळा. बिचारं दार! पाय कुजून खचत होते मी, सोललं जात होतं ते.

त्या सोमवारीही अण्णा रंधा घेऊनच आले. मुलं आत गाणी म्हणत होती. हर्षितची आई मेघाली त्याला कडेवर घेऊन दाराशीच उभी होती.

"अण्णा, पाऊस जाऊन चार महिने झाले. लाकूड आता कशाला फुगंल?"

"सुतार तू हाय का मी?"

अंगणवाडीच्या शकूताई हसल्या. "तिला सगल्याचीच भीती वाटते, अण्णा. शनिवारी खिचडीचा पण वास घेऊन बघत होती."

मेघालीने हर्षितला खाली ठेवलं, लगेच परत उचललं. मग बांगडीतली सेफ्टी पिन काढली, वाकली आणि माझ्या पायात टोचली.

अख्खी पिन आत गेली.

"आता बोला," ती म्हणाली.

अण्णांनी अंगठा दाबला. तोही आत गेला. त्यांनी वर भिंतीकडे बघितलं आणि रंधा खाली ठेवला.

"शकू, पोरं काढ. मागल्या दारानं. बाकी सगला नंतर, आधी पोरं!"

आता मुलं देवळाच्या मंडपात बसतात. मला दोन्ही बाजूंनी लोखंडी टेकू लावलेत. कुजलेलं कापून नव्या सागाचे पाय जोडू, असं अण्णा म्हणतात, पण परवानगी अजून आलेली नाही. तोवर टिकेन का, मला ठाऊक नाही. टेकूखालून कुत्रं गेलं तरी माझा जीव वरखाली होतो.

म्हणून तुम्हालाच सांगते. सफाळ्यात, पालघरात, जिथे जुनी दारं असतील तिथे हा निरोप द्या. दार अडकायला लागलं, तर रंध्याच्या आधी चौकटीचे पाय टोचून बघा. आणि ज्या घरात रांगतं मूल असेल, तिथे उद्यावर ढकलू नका. आजच सांगा.