भरल्या बॅटरीची बस

मंजिरीच्या संगणकात हायब्रिड बस किल्ल्याचा उतार कितीदा तरी सुखरूप उतरली होती. रस्ता, मोटर, बॅटरी, इतकंच काय चालकाचा पायसुद्धा, सगळ्यांची मॉडेलं तिनेच रचली होती. मॉडेल पास झालं की त्यातूनच खऱ्या बसचा प्रोग्राम तयार व्हायचा. उतारावर मोटर बसला रोखून धरायची आणि त्यातून झालेली वीज बॅटरीत जायची. मॉडेलमधली बस नेहमी पायथ्यापासून निघे. चढताना बॅटरी खर्ची पडे, म्हणून वर पोचेपर्यंत तिच्यात जागा झालेली असे. बस वरूनच भरल्या बॅटरीने निघेल, हे कुणाच्या डोक्यात येणार?

जगदेवराव कंपनीत चाचणीच्या गाड्या चालवत. मंजिरीचे सख्खे मामा; नोकरीला तिनेच लावलेले. नव्या बसची पूजा किल्ल्यावर ठरली. नारळ फुटेपर्यंत मामांनी बस तिथेच वर चार्जरला लावून ठेवली.

"नवी गाडी रिकामी हलवू नये, बेटा," ते म्हणाले. मंजिरी नुसती हसली.

पूजा आटोपून खाली येताना उतारावर भरल्या बॅटरीत वीज मावेना. मोटरची पकड सुटली आणि चाकांचे ब्रेक लावायला प्रोग्रामने उशीर केला. मामा एकटेच होते बसमध्ये. वळणावरच्या भिंतीवर बस आदळली आणि ते जागीच गेले.

कंपनीचा मालक समरजीत मामांना हार घालून मोकळा झाला. मंजिरीला म्हणाला, "रिपोर्ट में लिख दो, ड्राइवर ने ब्रेक देर से लगाया."

मेलेल्याच्या माथी मारायला काय जातं! मंजिरीने मॉडेलमध्ये बॅटरी पूर्ण भरली आणि बस वरून सोडली. ती त्याच वळणावर आदळली. खऱ्या बसच्या नोंदीत मामांचा पाय ब्रेकवर वेळेवर पडला होता. रिपोर्टात तिने तेच लिहिलं आणि शिंदे की छावनी मोहल्ल्यात मामीकडे गेली.

सुधामामीने तिला जवळ बसवलं. "मंजू, सच सच सांग. बॅटरी भरून घ्या म्हणून मीच त्यांच्या मागे लागले होते. माझ्यामुळे गेले का गं ते?"

"नाही, मामी! भरलेली असो की रिकामी, बस थांबायलाच हवी होती. ते मी तपासलंच नाही."

मामीने विचारलं, "तपासायला फार टाइम लागतो का?"

मंजिरीला रडू आवरेना. "एक आकडा बदलायचा असतो, मामी. मिनिटभर लागतं."