न खाल्लेली भाकर

खदूजानं जातं ओढत आणून धान्य साठवायच्या जमिनीतल्या पेवाच्या तोंडावर ठेवलं आणि ती दळायला बसली. खाली बियाण्याचे जव होते. ते गेले की पेरणी गेली; आणि मग डोंगरात अमीराच्या बाजूनं फ्रेंचांशी लढणाऱ्या नवऱ्याला परतायला घरच उरलं नसतं.

फ्रेंच शिपाई लोखंडी सळ्या जमिनीत खुपसत येत होते. सळई भसकन आत गेली की समजायचं, पेव. इतक्या वर्षांच्या लढाईत त्यांनी एवढं मात्र शिकून घेतलं होतं. पुढे वाटाड्या म्हणून चालत होता तिचा धाकटा दीर, बेलकासेम. गेल्या हिवाळ्यात तो त्यांना शरण गेला होता. आणि हे पेव त्यानंच भावाबरोबर खणलं होतं.

 खदूजा उठली आणि भाकरीवर मीठ घालून तिनं त्याच्यापुढे धरली.

"खा, भावजी. लांबून आलात."

ज्या घरचं मीठ खाल्लं, त्याचा घात करायचा नाही. टोळीत हा नियम कुणी मोडत नसे. पण शिपायांचा कप्तानही या मुलखात मुरलेला होता; हा नियम त्यालाही ठाऊक होता. तो बेलकासेमच्या हातांकडे बघत राहिला.

"भूक नाही, वहिनी."

"त्यांच्या बिस्किटांनी पोट भरलं वाटतं?"

"भरलं."

"भरणारच. लाज पचली, मग काय पचत नाही!"

 बेलकासेमनं एकदा जात्याकडे पाहिलं आणि कप्तानाकडे वळला.

"इथं काही नाही, साहेब. पेव त्या अंजिराखाली आहे."

कप्तानानं न मोडलेल्या भाकरीकडे पाहिलं आणि पटल्यासारखी मान डोलावली. शिपाई अंजिराकडे धावले.

खदूजाच्या हातातली भाकर तशीच राहिली. अंजिराखालचं पेव बेलकासेमचं स्वतःचं होतं.

खेचरं लादून पलटण निघून गेली. बेलकासेमनं मागं वळून पाहिलं नाही.

दुपारी त्याची बायको झोहरा ऊर बडवत आली.

"मेल्यानं स्वतःचंच घर दाखवलं! पोरांच्या तोंडात आता माती घालू का?"

खदूजानं जातं बाजूला सारलं, पेवाचं झाकण उघडलं आणि आत उतरली.

"त्याला शिव्या देऊ नकोस," ती आतून म्हणाली. "पोतं धर."