टोक धरणारी

नागनाथ सर के. आर. पुरममधल्या एका लहान कन्नड शाळेत सातवीला गणित शिकवत. वर्गात कोणी नुसतं बसून राहिलेलं त्यांना खपत नसे, म्हणून प्रत्येकाला ते काही ना काही काम देत. शालन जूनमध्ये निपाणीकडून आलेली. घरी मराठी, कन्नड जेमतेम. तिच्या वाट्याला वह्या वाटणं, फळा पुसणं, काही मोजायचं असलं की टेपचं टोक धरणं, असं काहीबाही येई.

शुक्रवारी सकाळी मुख्याध्यापिका धनलक्ष्मी मॅडमनी त्यांना गाठलं.

"त्या शालनला सोमवारपासून सहावीत बसवते. तीन महिने झाले, तोंड उघडलेलं नाही."

"काम करते मॅडम ती," सर पुटपुटले.

"काम आपली आयाही करते. गणितात काय करते, ते सांगा."

सर हजेरीपट उचलून वर्गाकडे निघाले.

त्या दिवशी वर्गाची परिमिती मोजायची होती. पाच मीटरची कापडी टेप. अभिराज आकडा वाचणार, भव्या लिहिणार, शालन टोक धरणार. लांब भिंतींना टेप दोनदोनदा लावावी लागली, आखूड भिंतींना एकेकदा. बेरीज आली चोवीस मीटर वीस सेंटीमीटर. सरांनी आदल्या दिवशी दुसऱ्या टेपने मोजलं होतं, तेव्हा तेवीस मीटर साठ भरलं होतं.

"पुन्हा बेरीज करा."

पुन्हा तेच आलं.

"यानं चुकीचं वाचलंय," भव्या म्हणाली.

"आधी तुझं अक्षर बघ. कोंबडी नाचून गेल्यागत."

वर्ग हसला. सरांनी बरोबर उत्तर लिहायला खडू उचलला, तोच त्यांचं लक्ष शालनकडे गेलं. ती खाली बघून बोटांवर काहीतरी मोजत होती. सरांच्या घरीही मराठीच; पण आपल्या भाषेची म्हणून तिचे लाड करतात, असं कोणी म्हणू नये, यासाठी ते वर्गात मराठी टाळत. आज मात्र त्यांनी मराठीतच विचारलं,

"शालन, काय चुकलं असेल गं?"

"टेप फाटलीय, सर. पहिले दहा सेंटीमीटर न्हाईतच. दहापास्नंच सुरू होतीया."

"मग बोलली का नाहीस?"

"मला धरायला सांगितलं हुतं."

सरांचे कान तापले. त्यांनी तिचं म्हणणं वर्गाला कन्नडमध्ये सांगितलं.

"सरी, बरोबर. मग दहा वजा," अभिराज म्हणाला.

"दहा कसे? भिंती चार. चाळीस," भव्या म्हणाली.

उत्तर सरांच्या ओठांवर आलं होतं. त्यांनी ते गिळलं.

"अरवत्तु," शालन म्हणाली. साठ. पुढचे कन्नड शब्द काही सापडेनात, तशी ती उठून भिंतीपाशी गेली आणि टेपचं टोक जिथे जिथे धरलं होतं तिथे तिथे वाकून दाखवू लागली. लांब भिंतीला दोनदा, आखूड भिंतीला एकदा. भव्या मोठ्यानं मोजू लागली. सहा वेळा वाकणं झालं. अभिराजनं वजाबाकी केली, वही डोळ्यांजवळ नेली, पुन्हा केली.

"तेवीस साठ," तो हळूच म्हणाला.

मधल्या सुट्टीत सरांनी मॅडमना सगळं सांगितलं.

"एवढं कळतं, तर तीन महिने गप्प का होती?"

"मी तिला काही विचारलंच नव्हतं," सर म्हणाले.

मॅडमनी टेबलावरची डायरी उघडली.

"सोमवारी मी मागच्या बाकावर येऊन बसते. माझ्यासमोर विचारा."

"सहावीत?"

"सातवीत, सर."