उकिरड्याचा पत्ता

मालकाने कागद माझ्यासमोर सरकवला आणि त्यावर पेनही ठेवलं.

"सही कर. दोनच ओळी आहेत, वाचत बसू नकोस."

मी वाचत बसले. सातवीपर्यंत शाळेत गेले होते, ते काय फक्त डबा खायला?

कागदावर लिहिलं होतं, की परदेशातून आलेल्या कंटेनरमधला कागद स्वच्छ होता. दवाखान्याचा कचरा इथलाच, आणि तो गोदामातल्या बायकांनी निष्काळजीपणे त्यात मिसळला. खाली माझ्यासाठी छापलं होतं, 'मुकादम, निवड विभाग'. अकरा वर्षं मी तिथे राबत होते, पण असं पद मला कधी कुणी दिलं नव्हतं. दिलं ते असं, गळ्यात धोंड बांधायला.

आमचं काम सांगायला सोपं आहे. कंटेनर येतो, कागदोपत्री त्यात रद्दी असते. ती सरकत्या पट्ट्यावर ओततात आणि आम्ही सोळा जणी दोन्ही बाजूंना उभ्या राहून त्यातलं प्लास्टिक, पत्रा, चिंध्या वेचतो. उरलेला कागद शेजारच्या गिरणीत लगद्याला जातो. खरं म्हणजे त्यात निम्मी रद्दी आणि निम्मा तिकडच्या घरांतला कचरा असतो. खरकटे डबे, पोरांचे लंगोट, तुटक्या वायरी. इतकी वर्षं आम्ही नाकाला फडकं बांधून ते निभावलं. गेल्या मंगळवारी मात्र त्यात सुया निघाल्या. पहिली सुई सापडली ती माझ्या धाकट्या जावेच्या बोटात.

डॉक्टरांनी बोट बांधलं, रक्त तपासायला घेतलं आणि तीन महिन्यांनी पुन्हा यायला सांगितलं. ते तीन महिने तिने कसे काढायचे, ते मालकाच्या दोन ओळींत नव्हतं.

बंदरावर फोन मीच केला होता. म्हणून तर आज तपासणीस बाई आल्या होत्या. सकाळपासून त्या पट्ट्याजवळ कचरा उकरत होत्या. त्यांनी मला स्वच्छ सांगितलं, "असा कचरा ज्या देशातून आला, त्याने परत घ्यायचा, हा नियम आहे. पण तिथूनच आला हे दाखवावं लागतं. पाठवणारे लेबलं सोलून पाठवतात. दाखवता आलं नाही, तर तो इथलाच." हा कंटेनर पाठवणाऱ्या व्यापाऱ्याचे आणखी बावीस कंटेनर बंदरात अडकले होते. हा कचरा इथला ठरला, की ते बावीसही सुटून आमच्या हाताखाली येणार होते.

"जरा मोठा विचार कर," मालक आता गोडीत आला. "जग म्हणजे एक गाव झालंय आता. देवाणघेवाण चालायचीच."

"गाव एक असेल मालक, पण उकिरडा आमच्याच दारात का?"

त्याचा गोडवा लगेच आटला. "सही नाही केलीस, तर आज संध्याकाळी गोदामाला कुलूप. सोळा चुली विझतील. जा, तूच सांग त्यांना."

मला भीती वाटली. खोटं कशाला बोलू? कागद घेऊन मी जेवणाच्या शेडमध्ये गेले आणि बायकांना मोठ्याने वाचून दाखवला. कुलपाचंही सांगितलं.

सगळ्यांत थोरल्या काकू डब्याचं झाकण लावत म्हणाल्या, "विझलेली चूल पेटवता येते गं. हिच्या बोटात गेलेली सुई तुझ्या सहीने बाहेर येणार आहे का?"

"पण सही नाही केली तरी कचरा इथलाच ठरेल," मी म्हटलं. "त्याच्यावर पत्ता कुठाय?"

धाकटी उठून भिंतीकडे गेली.

त्या भिंतीचं सांगायला हवं. पट्ट्यावर कुणाचा फोटो आला, तर तो लगद्याला जाऊ द्यायचा नाही, ही आमची जुनी रीत. कुणाचीही असोत, माणसंच ती. पत्र्याच्या भिंतीवर चिकटवायची. टपालाच्या पाकिटात आला असेल तर पाकिटासकट. आणि मागे कंटेनरचा नंबर घालायचा, कारण एका घरचा कचरा बहुतेक एकाच कंटेनरमधून येतो. नंबर असला, की आजीशेजारी नातू लावता येतो. टोपीवाला मामा कुणाचा भाऊ यावरून आमच्यात भांडणं व्हायची. मालक हसायचा, "घरची कमी पडली म्हणून परक्यांची पोरं सांभाळताय का?"

धाकटीने बांधलेल्या बोटाने एक फोटो सोडवला. समोरचे दोन दात पडलेला, खदखदून हसणारा पोरगा. तिचा लाडका, दातपड्या.

"जाऊबाई, हा मंगळवारचाच आहे. पाकीटही आहे."

मी उलटा करून पाहिला. नंबर तोच होता, माझ्याच हातचा. पुढच्या पाच मिनिटांत आम्ही अर्धी भिंत रिकामी केली.

तपासणीस बाईंच्या टेबलावर त्या कंटेनरचे नऊ फोटो मांडले, नवांपैकी सहा पाकिटासकट. त्यांनी चष्मा पुसून एकेक पत्ता वाचला, टपालाचे शिक्के पाहिले, नंबर ताडून घेतला. सहाही पत्ते एकाच परक्या शहरातले होते.

"बायकांनी बाहेरून आणून चिकटवलेत हे!" मालक ओरडला.

"तर! रोज जेवणाच्या सुट्टीत समुद्रापार जातो ना आम्ही, पाकिटं गोळा करायला."

बाई हसल्या नाहीत. त्यांनी पंचनाम्यात लिहिलं, 'कंटेनर परत'. बावीस कंटेनरही उघडून तपासल्याशिवाय हलणार नाहीत, असं खाली जोडलं. मालकाची सहीविना राहिलेली दोन ओळींची चिठ्ठी मी त्याच्या हातात दिली.

"झालं समाधान?" तो म्हणाला. "उद्यापासून कुलूप. आता खा ते फोटो."

मी मान खाली घातली नाही. नव्या कामासाठी सोळा जणींना किती उंबरे झिजवावे लागतील, ते मला ठाऊक होतं.

"हे फोटो कुठे जाणार?" धाकटीने बाईंना विचारलं.

"फाइलबरोबर. तिकडच्या सरकारकडे."

तिने दातपड्याला शेवटचं पाहून घेतलं. मग गळ्यातलं गोदामाचं ओळखपत्र काढलं, तिचा फोटो असलेलं. मागे कंटेनरचा नंबर लिहिला आणि ते दातपड्याच्या पाकिटात सरकवलं. "सुई कुणाला टोचली, ते पण कळू दे त्यांना."

बाईंनी पाकीट तसंच फाइलला लावलं. मग मी माझं काढलं. मग काकूंनी. सोळाच्या सोळा ओळखपत्रं फाइलमध्ये गेली, प्रत्येकाच्या मागे तोच नंबर.

"ए, ती गोदामाची मालमत्ता आहे!" मालक धावत आला.

"मग मागवून घ्या, मालक," मी म्हटलं. "पत्ता पाकिटावर आहे."