फायर

बेंगळूरजवळच्या यशवंतपूरला चिनी मातीचा एक कारखाना होता. विजेच्या खांबांवर बसवतात ते पांढरे कप तिथे बनत. १९५९ साली प्रमोदिनी तिथे टायपिस्ट होती. तिचं घराणं कित्येक पिढ्या बेंगळुरातच राहिलेलं. घरात मराठी, बाजारात कन्नड आणि कचेरीत इंग्रजी. त्यामुळे मॅनेजर हॅरिस साहेबांचं बोलणं कामगारांना समजावण्याचं कामही तिच्याकडेच आलं.

भट्टीवर पिराजी होता, निपाणीकडचा. इंग्रजी त्याला येत नव्हतं. महिन्यापूर्वी साहेबांनी आग विझवण्याची कवायत घेतली होती. ते "फायर!" असं ओरडले की सगळ्यांनी पाण्याच्या बादल्या घेऊन धावायचं. पिराजी सर्वांत आधी पोचला, म्हणून साहेबांनी त्याची पाठ थोपटली होती.

त्या दिवशी प्रमोदिनी जेवायला गेली होती. भट्टीत कच्चे कप रचून झाले होते, दार लिंपायचं तेवढं बाकी होतं. साहेब घाईत व्हरांड्यात आले आणि भट्टीकडे बोट दाखवून म्हणाले, "पिराजी, फायर! क्विक!"

दार लिंपून भट्टी पेटव, असं त्यांना म्हणायचं होतं. पिराजीनं बादल्या उचलल्या. साहेब धावत पोचेपर्यंत चार-पाच बादल्या आत गेल्या होत्या. न भाजलेल्या मातीवर पाणी पडलं, कप विरघळून खाली बसले.

"यू आर फायर्ड!" साहेब किंचाळले.

पिराजीनं पुन्हा बादली उचलली.

एवढ्यात साहेबांचं ओरडणं ऐकून प्रमोदिनी आली. पिराजी तिला म्हणाला, "अक्का, साहेब अजून फायर फायर करायलेत. आग दिसंना कुठं."

तिला खरं सांगवेना. "साहेब रागावलेत. आज घरी जा, अण्णा," एवढंच ती म्हणाली.

मग ती साहेबांकडे गेली. "कवायतीत तुम्ही हाच शब्द वापरला होता, सर."

"इतका साधा शब्द माणसाला कळू नये?"

"शब्द साधा आहे. अर्थ तीन झाले."

"उद्या बोलू," म्हणून साहेबांनी पंखा सुरू केला.

तिच्या घराशेजारी भीमाचार्य राहत. संस्कृतचे निवृत्त शिक्षक, शब्दांचं वेड. संध्याकाळी तिनं त्यांना या शब्दाबद्दल विचारलं.

"आगीला फार जुन्या काळी दोन नावं होती," ते म्हणाले. "एक आपल्या अग्नीचं. ते इंग्रजीत 'इग्नाइट'मध्ये उरलंय. दुसऱ्यातून ग्रीकांचं 'प्यूर' आणि इंग्रजांचं 'फायर' निघालं. काही विद्वान म्हणतात, पहिलं नाव जिवंत आगीचं आणि दुसरं नुसत्या वस्तूचं."

"आणि नोकरीवरून काढणं?"

"ते अगदी अलीकडचं, अमेरिकेतलं. 'डिस्चार्ज' म्हणजे नोकरीतून काढणं आणि बंदूक झाडणंही. बंदूक झाडण्याला 'फायर' म्हणतात. बहुधा कुणीतरी त्यावरून कोटी केली."

"कोटी? पोटावर पाय देताना?"



सकाळी ती साहेबांना हे सांगत होती, तोच खिडकीतून फाटक दिसलं. पिराजी पत्र्याची ट्रंक डोक्यावर घेऊन उभा होता; मागे बायको गंगव्वा. प्रमोदिनी धावत बाहेर गेली.

"हे काय, अण्णा?"

"तुम्ही बोलला नाही, पण तोंडावरनं समजलं, अक्का. कारखान्याचा खाकी शर्ट द्यायला आलो. दुपारच्या गाडीनं गावी चाललो."

साहेब तिच्या मागोमाग आले होते. पिराजीनं पुढे केलेली शर्टाची घडी त्यांनी घेतली नाही.

"हा शब्द विनोदातून आलाय हे मी कधी ऐकलं नव्हतं," ते तिला इंग्रजीत म्हणाले. "त्याला सांगा, चूक माझी. आणि भट्टी पेटवायला काय म्हणतात?"

"पेटव."

"आग लागली तर?"

"आग."

"आणि कामावरून काढायला?"

"तो शब्द मी नाही शिकवणार, सर."

साहेबांनी मान हलवली. मग पिराजीकडे वळून जड जिभेनं म्हणाले, "पिराजी, पेटव."

पिराजीनं गंगव्वाकडे पाहिलं. ती तोंड फिरवून उभी राहिली. त्यानं ट्रंक खाली ठेवली. "आधी आतला चिखल काढायला पाहिजे. दोन माणसं द्या म्हणावं."

साहेबांनी माणसं दिली. गंगव्वा मात्र अजून फुरंगटलेलीच होती. प्रमोदिनीनं तिला कचेरीत बसवून कॉफी मागवली.

"साखर स्वल्प जास्त घालायला सांग," गंगव्वा म्हणाली. "पहाटेपासनं पोटात काही नाही."