कोरड्या हवेत बोटभर

संस्थेच्या कारकुनानं, दत्तानं, स्वप्नालीच्या हातातून माइक हळूच काढून घेतला. तिचं बोलणं संपलं नव्हतं.

राहू गावच्या मंगल कार्यालयात तीनशे ऊसवाले बसले होते. मागं फ्लेक्स: 'आता ऊस बोलणार! केंदूरची कन्या, नॅनो शास्त्रज्ञ.' ती शास्त्रज्ञ नव्हती. पुण्यात पीएचडीच्या तिसऱ्या वर्षाला होती. केसाहून हजारो पट बारीक अशा कार्बनच्या नळीची अँटेना केली, तर तिच्यातून बिनतारी संदेश जाईल का, याची गणितं ती कॉम्प्युटरवर करायची. उसाच्या पानात अशी नळी बसवली की ऊस आपली तहान, रोग मोबाइलवर कळवेल, असं संस्थेनं परस्पर सांगून टाकलं होतं. ती एवढंच सांगत होती, की तिच्या गणितात संदेश कोरड्या हवेत बोटभर जातो आणि पाण्यात मरतो.

ऊसवाल्यांच्या संस्थेचे चेअरमन बापूसाहेब यांनी माइक तोंडाशी धरला.

"ताई लाजत्यात. हुशार मानूस आपली फुशारकी मारत न्हाई."

टाळ्या पडल्या.

"पर पान बोललं तर ऐकनार कोन?" पुढच्या रांगेतून सोजराबाईनं विचारलं.

"तुमच्या मोबाइलवर कळंल, मावशी. सुनंच्या आधी कळंल!"

सगळे हसले. खरं बोलणाऱ्याला विनयशील म्हटलं की त्याचं तोंड आपोआप बंद होतं. चार टर्म चेअरमनकी उगाच मिळत नाही.

दत्ता फॉर्म वाटत सुटला. प्रयोगासाठी प्रत्येकी दोन एकर, तीन वर्षं संस्थेच्या ताब्यात. पहिली सही पोरीच्या बापाची, म्हणजे बाकीचे आपोआप करतील.

बाप, रखमाजी, व्यासपीठावर बसला होता. मेंढरं विकून जमीन घेतली त्याला वीस वर्षं झाली, तरी या लोकांच्या लेखी तो धनगरच. पुढाऱ्याच्या खांद्यावर घोंगडं टाकायला त्याला वर बोलवायचे, फोटो झाला की खाली. आज त्याला खुर्ची होती. पुढच्या निवडणुकीत पॅनलमध्ये घेतो, असं बापूसाहेब सकाळीच बोलले होते.

स्वप्नाली त्याच्याजवळ वाकली.

"आबा, सही करू नका."

"पानी आडवं येतं म्हनलीस न्हवं?"

"व्हय."

"आन् उसात काय असतं?"

"पाणीच."

"म्हंजी हे चालनार न्हाई."

"न्हाई, आबा."

रखमाजीनं मान हलवली. अख्ख्या कार्यालयात तिचं बोलणं कळलेला तो एकटाच माणूस होता.

"आपली जमीन अडकंल," ती म्हणाली.

"तीन वर्सानं सुटंल." त्यानं पेनाचं टोपण काढलं. "ऊस बोलू दे नाय तर नको. मीटिंगीत मी तर बोलीन."

"आन् ह्या लोकांची जमीन?"

त्यानं खाली बसलेल्यांकडं बघितलं नाही. सही तो उतारवयात शिकला होता. एकेक अक्षर थांबून, दाबून काढायचा. वर पंखा गरगरत होता आणि कागद सारखा उडत होता. नावाचं पहिलंच अक्षर वाकडं गेलं.

स्वप्नालीनं दोन बोटांनी कागदाचा कोपरा दाबून धरला.